संकेतस्थळांचे वर्गोपयोगी संग्रहण
इंटरनेटवरील एखाद्या संकेतस्थळाची काही पृष्ठे किंवा संपूर्ण संकेतस्थळ आपल्या संगणकावर उतरवून घेऊन, जोडणी नसतानाही ते वर्गात दाखविता यावे अशा रीतीने साठवून ठेवण्याची क्रिया. प्रचारात हिला ‘ऑफलाइन प्रत करणे’ असे म्हणतात. संपूर्ण संकेतस्थळाच्या अशा प्रतीस ‘मिरर’ अथवा प्रतिबिंब ही संज्ञा रूढ आहे. शिक्षकाने एक पृष्ठ जतन करणे, विशेष आज्ञावलीच्या साहाय्याने सर्व पृष्ठे त्यांच्या परस्परदुव्यांसह उतरविणे आणि एखाद्या संस्थेने तयार केलेला संग्रह वर्गात आणणे, असे या क्रियेचे तीन प्रकार व्यवहारात आढळतात. यांतील पहिल्या दोन प्रकारांत प्रत करणारा व मूळ लेखक यांचा प्रत्यक्ष संबंध बहुधा नसतो. त्यामुळे प्रताधिकाराचा म्हणजेच कॉपीराइटचा व त्याच्या जोडीने शिष्टाचाराचा प्रश्न मुख्यतः तेथेच उद्‌भवतो.

या पद्धतीची गरज उघड आहे. ज्या शाळेत जोडणी नाही, किंवा आहे पण तासाच्या ऐन वेळी खंडित होते, तेथील शिक्षकाने शहरातून किंवा आपल्या घरून पृष्ठे उतरवून आणली नाहीत, तर त्या विद्यार्थ्यांना ती पाहावयास मिळतच नाहीत. जोडणी उत्तम असलेल्या शाळांतही, लहान मुलांसमोर ऐन वेळी अनपेक्षित जाहिराती वा चित्रे येऊ नयेत, म्हणून निवडक पृष्ठांची प्रत पसंत केली जाते. या कामाच्या आज्ञावल्या इंटरनेटच्या सार्वत्रिक प्रसाराबरोबरच निर्माण झाल्या. ह्‌र्वोये निक्शिच यांची ‘वगेट’ ही आज्ञावली १९९६ मध्ये, तर झाव्ह्ये रोश यांची ‘एचटीट्रॅक’ १९९८ मध्ये उपलब्ध झाली. दोन्ही विनामूल्य असून आजही वापरात आहेत.

अशी आज्ञावली आरंभीच्या पृष्ठावरील प्रत्येक दुव्याचा मागोवा घेत पुढील पृष्ठे, चित्रे व ध्वनिफिती उतरविते आणि दुवे अशा रीतीने बदलते, की ते मूळ संकेतस्थळाऐवजी संगणकावरील प्रतीकडे निर्देश करतील. ज्यांची पृष्ठे मागणीनुसार त्या त्या वेळी तयार होतात, त्या संकेतस्थळांची प्रत मात्र अपुरी राहते. तेथील शोधपेटी किंवा प्रश्नमंजूषा प्रतीत निर्जीव असते. याउलट दिनदर्शिकेसारखे पृष्ठ ‘पुढील महिना’ या दुव्यामुळे आज्ञावलीला अखंड फिरवीत ठेवू शकते. किती पातळ्यांपर्यंत जावयाचे, हे आधी ठरवून देणे म्हणूनच आवश्यक ठरते.

भारतीय कायदा : इंटरनेटवर जे सर्वांना मोफत वाचता येते ते सर्वांच्या मालकीचे असते, ही समजूत सुशिक्षितांतही दृढ आहे, ती चुकीची आहे. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ अन्वये कृती निर्माण होताच तिला संरक्षण मिळते. त्यासाठी नोंदणीची किंवा पृष्ठाच्या तळाशी सूचना छापण्याची अट नाही. साहित्यकृतीचा प्रताधिकार सामान्यतः लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो आणि कृतीची प्रत करण्याच्या अधिकारात इलेक्ट्रॉनिक माध्यमात ती साठविण्याचाही समावेश होतो. संकेतस्थळ परदेशी असल्याने यात फरक पडत नाही. भारत १९२८ पासून बर्न कराराचा सदस्य असल्यामुळे सदस्य देशांतील कृतींना येथे भारतीय कृतींप्रमाणेच संरक्षण आहे. मात्र त्याचबरोबर, भारतात केलेल्या प्रतीला भारतीय कायद्यातील अपवादही लागू होतात. परदेशातील सवलती अथवा निर्बंध वाचून येथील शिक्षकांनी निष्कर्ष काढणे त्यामुळे दोन्ही बाजूंनी फसवे ठरते.

पृष्ठ नुसते पाहतानाही संगणक त्याची तात्पुरती प्रत करतोच. प्रक्षेपणाच्या तांत्रिक प्रक्रियेत घडणारी अशी क्षणिक वा आनुषंगिक साठवण २०१२ च्या दुरुस्तीने स्पष्टपणे अपवादात घातली गेली. शिक्षकाने हेतुतः केलेली टिकाऊ प्रत या अपवादात बसत नाही. तिला आधार मिळतो तो कलम ५२ मधील अन्य दोन तरतुदींचा. पहिली तरतूद खाजगी वा वैयक्तिक वापरासाठी, संशोधनासह, केलेल्या रास्त वापराची असून त्या हेतूने केलेली इलेक्ट्रॉनिक साठवण भंग ठरत नाही, असे स्पष्टीकरण तिला २०१२ मध्ये जोडण्यात आले. पाठाची तयारी करताना शिक्षकाने स्वतःसाठी केलेला संग्रह हिच्यात बसू शकतो. दुसरी तरतूद अधिक महत्त्वाची आहे. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली कोणत्याही कृतीची प्रत हा प्रताधिकाराचा भंग नव्हे, असे ती सांगते. २०१२ पूर्वी ही मुभा साहित्य, नाट्य, संगीत व कला या कृतींपुरती होती. दुरुस्तीने तेथे ‘कोणतीही कृती’ असे शब्द आल्याने चलच्चित्रे व ध्वनिमुद्रणे हीही तिच्या कक्षेत आली.

या तरतुदीचा अर्थ दिल्ली विद्यापीठाच्या छायाप्रत खटल्यात विस्ताराने लावला गेला. खटला कागदी प्रतींचा असला, तरी त्यातील विवेचन संकेतस्थळांच्या प्रतींनाही मार्गदर्शक ठरणारे आहे. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस हे दुकान अभ्यासक्रमात नेमलेल्या पुस्तकांतील उताऱ्यांच्या छायाप्रतींचे संच बांधून विद्यार्थ्यांना विकत असे. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस व टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी २०१२ मध्ये दुकान व विद्यापीठ यांच्याविरुद्ध दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी तो फेटाळला. प्रताधिकार हा नैसर्गिक वा दैवी हक्क नसून ज्ञानाची वाढ व्हावी म्हणून कायद्याने निर्माण केलेला हक्क आहे, अशी त्यांची भूमिका होती. ९ डिसेंबर २०१६ रोजी अपिलाचा निर्णय देताना खंडपीठाने ‘अध्यापनाच्या ओघात’ या शब्दांचा अर्थ वर्गातील व्याख्यानापुरता मर्यादित न ठेवता अध्यापनाच्या सबंध प्रक्रियेला लावला. कृतीचा किती टक्के भाग उतरविला, या मोजमापालाही त्याने महत्त्व दिले नाही. प्रत अध्यापनाच्या उद्दिष्टासाठी जेवढी आवश्यक, तेवढी न्याय्य, ही त्याने सांगितलेली कसोटी होय. संचांतील मजकूर त्या उद्दिष्टासाठी खरोखरच आवश्यक होता काय, हा वस्तुस्थितीचा प्रश्न खंडपीठाने पुन्हा सुनावणीसाठी पाठविला. परंतु मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने या निर्णयाविरुद्धचे हक्कसंस्थेचे अपील दाखल करून घेण्यास नकार दिला.

या कसोटीमुळे शिक्षकाला मिळालेली मोकळीक मोठी आहे, तशीच तिची सीमाही तिच्यातच दडलेली आहे. नद्यांच्या पाठासाठी एखाद्या भूगोलविषयक संकेतस्थळाची दहा पृष्ठे उतरविणे उद्दिष्टाला धरून आहे. पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून त्याच संकेतस्थळाची हजारो पृष्ठे उतरवून ठेवणे, याला अध्यापनाचा ओघ म्हणता येणे कठीण. नेमक्या याच ठिकाणी आज्ञावलीची सोय घातक ठरते. कागदावर हजार पाने काढताना माणूस थांबून विचार करतो, संगणकाच्या एका कळीने तो विचार वगळला जातो.

यापुढचा प्रश्न प्रत वर्गाबाहेर गेल्यावरचा आहे. अध्यापनविषयक अपवाद प्रत करण्यापुरता आहे. कृती जनतेपर्यंत पोहोचविणे हा प्रताधिकारातील स्वतंत्र अधिकार आहे. वर्गातील संगणकावर किंवा शाळेच्या अंतर्गत जाळ्यावर ठेवलेली प्रत आणि शाळेच्या संकेतस्थळावर सर्व जगासाठी खुली केलेली प्रत, या दोहोंमध्ये त्यामुळे मूलभूत भेद पडतो. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत शाळा बंद झाल्यावर हा भेद पुसट झाला. शिक्षकांनी तयार केलेले संच भ्रमणध्वनीवरील गटांतून विद्यार्थ्यांकडे व तेथून कोठेही जाऊ लागले. नेमलेल्या विद्यार्थ्यांपुरत्या मर्यादित गटाचा बचाव दिल्लीच्या निर्णयाच्या आधारे करता येईल. बाहेरील कोणासही सामील होता येईल अशा गटाचा करता येणार नाही.

अन्य काही मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. लेखकाचे नाव वगळणे किंवा त्याच्या प्रतिष्ठेस बाध येईल असा मजकुरात फेरफार करणे कलम ५७ मधील विशेष अधिकारांच्या विरुद्ध जाते. प्रत वैध असली, तरी हे कृत्य वैध ठरत नाही. पृष्ठात अंतर्भूत असलेली हक्कदाराविषयीची माहिती जाणूनबुजून काढून टाकणे हा २०१२ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. परवलीच्या शब्दाने बंद केलेला भाग मालकाच्या परवानगीविना उतरविल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ अन्वये नुकसानभरपाईची जबाबदारी येऊ शकते. राहिला प्रश्न संकेतस्थळाच्या वापरविषयक अटींचा. ‘प्रत करण्यास मनाई आहे’ अशी अट कायद्याने दिलेल्या अपवादावर मात करते काय, याविषयी भारतीय अधिनियमात स्पष्ट तरतूद नाही. ब्रिटनमध्ये मात्र २०१४ च्या दुरुस्तीनुसार अध्यापनविषयक अपवादास बाधा आणणारी कराराची अट अंमलात आणता येत नाही आणि यूरोपीय संघाच्या २०१९ च्या निदेशातही तशीच तरतूद आहे.

वॉल्ट्रॉपचे प्रकरण : प्रत वर्गाबाहेर गेल्यास काय होते, याचे बोलके उदाहरण जर्मनीतील वॉल्ट्रॉप या गावच्या शाळेचे आहे. तेथील एका विद्यार्थिनीने स्पॅनिश भाषेच्या अभ्यासासाठी सादरीकरण तयार करताना प्रवासविषयक संकेतस्थळावरून कॉर्दोबा शहराचे एक छायाचित्र उतरवून घेतले. छायाचित्राखाली तिने त्या संकेतस्थळाचा उल्लेखही केला. पुढे शाळेने ते सादरीकरण आपल्या संकेतस्थळावर ठेवले. छायाचित्रकाराने हरकत घेतली. केवळ मूळ संकेतस्थळालाच आपण परवानगी दिली होती, असे त्याचे म्हणणे होते. प्रकरण यूरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेले आणि ७ ऑगस्ट २०१८ रोजी निर्णय छायाचित्रकाराच्या बाजूने लागला. छायाचित्र मूळ ठिकाणी सर्वांना मोफत पाहता येत होते, हा शाळेच्या बाजूचा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. दुवा देणे वेगळे आणि प्रत करून ती दुसऱ्या संकेतस्थळावर ठेवणे वेगळे, असे त्याने स्पष्ट केले. कारण दुव्याच्या बाबतीत लेखक मूळ पृष्ठ काढून टाकून आपल्या कृतीवर ताबा ठेवू शकतो, प्रतीच्या बाबतीत तो ताबा संपुष्टात येतो. येथे कोणाचाही हेतू वाईट नव्हता आणि मूळ स्थळाचा निर्देशही केलेला होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. पुढील वर्षी संमत झालेल्या निदेशाने सदस्य देशांतील शिक्षणसंस्थांना अंकीय अध्यापनासाठी सवलत दिली, ती संस्थेच्या आवारापुरती किंवा केवळ तेथील शिक्षक-विद्यार्थ्यांना प्रवेश असलेल्या सुरक्षित जाळ्यापुरतीच. अमेरिकेच्या कायद्यात रास्त वापराच्या कलमात वर्गासाठी अनेक प्रती करण्याचा नामनिर्देश आहे. दूरस्थ अध्यापनासाठी २००२ मध्ये तेथे वेगळा कायदा झाला.

मुक्त साहित्य : ज्या संकेतस्थळांनी आधीच परवानगी देऊन ठेवली आहे, त्यांच्या बाबतीत वरील चर्चेची बहुतांशी गरज उरत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने डिसेंबर २००२ मध्ये प्रथम प्रसृत झाले. विकिपीडियाचा मजकूर २००९ पासून अशा परवान्याखाली आहे. लेखकनिर्देश करणे आणि नवी रचनाही त्याच परवान्याने खुली ठेवणे, या त्याच्या अटी होत. त्यातील प्रत्येक चित्राचा परवाना मात्र स्वतंत्र असतो. शासकीय संकेतस्थळांवरील मजकूर आपोआप मुक्त असतो, हाही एक प्रचलित गैरसमज आहे. शासकीय कृतीचा प्रताधिकार प्रकाशनापासून साठ वर्षे शासनाकडे असतो. अधिनियम, न्यायनिर्णय यांसारख्या मजकुरासाठी कायद्यात वेगळी सवलत आहे. अनेक शासकीय संकेतस्थळे मूळ स्थळाचा उल्लेख करून मजकूर जसाच्या तसा उतरविण्यास मोफत परवानगी देतात, परंतु ती त्यांच्या धोरणपृष्ठावर तपासून पाहावी लागते आणि तेथील त्रयस्थांच्या मजकुराला ती लागू नसते.

मुदत संपलेल्या कृतींविषयीही सावधगिरी हवी. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांवरील प्रताधिकार २०१० च्या अखेरीस संपला. ते ग्रंथ संकेतस्थळावरून उतरवून वर्गात देण्यास अडचण नाही. पण त्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीतील प्रस्तावना, टीपा व चित्रे नव्या लेखकांच्या व चित्रकारांच्या असतात आणि त्यांचे अधिकार जिवंत असतात.

शिष्टाचार : कायद्याने परवानगी दिलेली प्रतही असभ्यपणे करता येते. संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर असते, त्याची क्षमता मर्यादित असते आणि त्याचा खर्च कोणीतरी सोसत असतो. हौशी अभ्यासकाने पदरमोड करून चालविलेल्या संकेतस्थळाच्या बाबतीत तर हे विशेषच खरे. ३०० पृष्ठांचे संकेतस्थळ, प्रत्येक पृष्ठ सरासरी २ मेगाबाइटचे, असे धरल्यास एका प्रतीसाठी ६०० मेगाबाइट उतरवावे लागतात. संगणककक्षातील ४० विद्यार्थ्यांनी तेच स्वतंत्रपणे केल्यास भार २४,००० मेगाबाइटपर्यंत जातो. एकाच शिक्षकाने एक प्रत करून ती अंतर्गत जाळ्यावर ठेवणे हे म्हणूनच मूळ मालकाच्याही हिताचे असते. एचटीट्रॅकच्या निर्मात्यांनी आपल्या वापरकर्त्यांना दिलेला सल्ला या बाबतीत आदर्श मानावा असा आहे : एकाच वेळी अनेक जोडण्या उघडू नयेत, वेगावर मर्यादा घालावी, कामकाजाच्या वेळेत मोठी प्रत करू नये, आवश्यक तेवढाच भाग निवडावा, पृष्ठांवरील लोकांचे ई-मेल पत्ते गोळा करू नयेत. कामकाजाची वेळ म्हणजे अर्थातच सर्व्हर ज्या देशात आहे तेथील वेळ. भारतातील रात्र ही अमेरिकेतील भर कचेरीची वेळ असते, हे येथील उत्साही मंडळी सहसा विसरतात.

यंत्राने पृष्ठे उतरविण्याबाबत मालकाची इच्छा कळविण्याची एक रूढ पद्धत आहे. संकेतस्थळाच्या मुळाशी ‘रोबॉट्स.टीएक्सटी’ नावाची एक साधी धारिका ठेवून, कोणत्या भागात यंत्रांनी येऊ नये, हे तीत नमूद केलेले असते. मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचविलेला हा संकेत तब्बल अठ्ठावीस वर्षे केवळ परस्पर समजुतीवर चालला. त्याचे औपचारिक मानक सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. या सूचना म्हणजे प्रवेशाचा परवाना वा कुलूप नव्हे, असे मानकातच म्हटले आहे. त्या पाळणे हा सौजन्याचा भाग आहे. वगेट व एचटीट्रॅक या दोन्ही आज्ञावल्या, वापरकर्त्याने मुद्दाम बदल न केल्यास, त्या पाळतात. तो बदल कसा करावा, हे शाळेच्या संगणककक्षात प्रथम शिकविले जाऊ नये.

संपूर्ण संकेतस्थळाची प्रत करावयाची असल्यास मालकास पत्र लिहून विचारणे हा सर्वांत सरळ मार्ग होय. कोणती पृष्ठे, कोणत्या इयत्तेसाठी, किती काळाकरिता हवी आहेत आणि ती पुन्हा इंटरनेटवर ठेवली जाणार नाहीत, एवढे चार ओळींत लिहिले म्हणजे पुरते. आपले लिखाण दूरच्या एका शाळेत वाचले जाते, हे कळल्याने लेखकास आनंदच होण्याचा संभव अधिक. जाहिरातींवर अथवा वाचकसंख्येवर ज्याचे संकेतस्थळ चालते, त्याला मात्र ऑफलाइन वाचक मोजता येत नाहीत. त्याचा नकार समजून घेण्याजोगा असतो. उत्तर न येणे म्हणजे संमती नव्हे. अशा वेळी कायद्याच्या अपवादात बसेल तेवढ्याच पृष्ठांवर शिक्षकाने भागवावे, किंवा मजकूर वाचून स्वतःच्या शब्दांत टिपण करावे. तथ्ये व कल्पना यांवर प्रताधिकार नसतो.

प्रतीवर मूळ पत्ता, लेखकाचे नाव व उतरविल्याची तारीख नोंदविणे अत्यावश्यक आहे. यांतील तारखेकडे बहुधा दुर्लक्ष होते. लेखक आपल्या पृष्ठावरील चूक दुरुस्त करतो, पण दुरुस्ती प्रतीपर्यंत पोहोचत नाही. २००६ च्या उन्हाळ्यात उतरविलेल्या सूर्यमालेवरील पृष्ठात प्लूटो हा नववा ग्रह असणारच. त्याच वर्षी २४ ऑगस्ट रोजी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची नवी व्याख्या स्वीकारून त्याला बटुग्रहांत टाकले. प्रतीवर तारीख नसेल, तर त्यानंतर ती वाचणारा विद्यार्थी चुकीचे शिकतो आणि दोष मात्र नाव छापलेल्या लेखकाच्या माथी येतो. आरोग्य, कायदा व नकाशे यांविषयीच्या पृष्ठांची प्रत दर शैक्षणिक वर्षाच्या आरंभी मूळ पृष्ठाशी ताडून पाहणे आणि लेखकाने पृष्ठ मागे घेतले असल्यास आपली प्रतही काढून टाकणे, ही प्रथा इष्ट होय.

आयते संग्रह : स्वतः प्रत करण्याऐवजी परवानगीचा प्रश्न आधीच सोडविलेला संग्रह वापरणे अनेक शाळांना सोयीचे ठरते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात सुरू झालेल्या ‘वाइडरनेट’ प्रकल्पाने मालकांच्या परवानग्या मिळवून संकेतस्थळांचा ‘ई-ग्रॅनरी’ हा संग्रह तयार केला आणि तो जोडणी नसलेल्या देशांतील शिक्षणसंस्थांना पुरविला. २००७ मध्ये सुरू झालेली ‘किविक्स’ ही विनामूल्य आज्ञावली विकिपीडियासारखे मुक्त संग्रह एकाच संकुचित धारिकेत बांधून देते. ती धारिका पेनड्राइव्हवरून संगणकात घेतली, की जोडणीविना शोध घेता येतो. भारतात २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या शासकीय व्यासपीठावरील पाठ्यसामग्री भ्रमणध्वनीवर उतरवून नंतर जोडणीविना पाहता येते. बालभारतीची पाठ्यपुस्तकेही तिच्या संकेतस्थळावरून पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येतात. विद्यार्थ्यासाठी ती मोफत असली, तरी त्यांवरील प्रताधिकार कायम असल्याने त्यांचे व्यापारी पुनर्मुद्रण परवानगीविना करता येत नाही.